मुक्काम सूर्यास्तापूर्वीचा

कामठा हे गोंदिया तालुक्यातील जुने गाव. भोसल्यांच्या काळात ते एका विस्तीर्ण जमीनदारीचे मुख्य ठाणे होते. १८१८ साली येथील जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्यानंतर जमीनदारीचे धनी बदलले. आज गावाभोवती धानाच्या बांध्या आहेत, मधूनमधून बोड्या आहेत, लहरी बाबांच्या आश्रमाकडे येणाऱ्या भाविकांची वर्दळ आहे आणि डोक्यावर घिरट्या घालणारी प्रशिक्षणाची छोटी विमाने आहेत. बिरसीचे विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ती धावपट्टी पुढे वैमानिकांच्या शिक्षणासाठी उपयोगात आली, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तेथून हैदराबादकडे नियमित प्रवासी विमान उडू लागले. ज्या गावात गोंदियाला जायचे म्हणजे बाजारहाटाला जायचे असा अर्थ होतो, त्या गावातील मुलांना हैदराबाद एकाएकी नागपूरपेक्षा जवळचे वाटू लागले.

या गावात तीन पिढ्यांपासून कापडाचे दुकान चालवणारे एक जैन कुटुंब आहे. घरात माणसे नऊ. ज्यांना गावातील लहानथोर सर्वच ‘दादी’ म्हणतात त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे. या कुटुंबाचे आजवरचे सारे प्रवास दोनच प्रकारचे होते. एक तीर्थयात्रा, म्हणजे शिखरजी, पालिताणा, भद्रावती; दुसरा सोयऱ्यांकडील लग्नकार्य. केवळ मौजेसाठी सर्वांनी मिळून घर आणि दुकान बंद ठेवून कोठे जावे, हा विचार प्रथम नातवंडांनी काढला. त्यांना थीम पार्क पाहायचे होते. सर्वांत थोरला नातू सतरा वर्षांचा, बारावीच्या उंबरठ्यावरचा. पुढील वर्षी तो शिक्षणासाठी पुण्याला किंवा आणखी कोठे जाणार, हे घरात सर्वांना ठाऊक होते. नऊ माणसे एका छपराखाली असण्याचे हे बहुधा शेवटचे वर्ष आहे, असे कोणी बोलून दाखवले नाही; परंतु एरवी खर्चाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या थोरल्या मुलाने या वेळी नकार दिला नाही, त्याचे कारण हेच होते.

कधी जावे, हा प्रश्न व्यापारी घरात हॉटेलच्याही आधी येतो. दिवाळीत दुकान सोडता येत नाही. उन्हाळ्यात लग्नसराई असते, शिवाय विदर्भातील मे महिन्यातून आलेल्या माणसाला दुसरीकडचे ऊनही सोसवत नाही. विदर्भातील शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा जूनचा मध्य मोकळा सापडतो. परंतु तोवर घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागलेला असतो, आणि मुसळधार पावसात उघड्यावरील मोठे पाळणे थांबवावे लागतात. त्यानंतर चातुर्मास लागतो. दादी चातुर्मासात गाव सोडत नाहीत. उरला डिसेंबरचा शेवटचा आठवडा. धनुर्मासात या भागात लग्ने होत नाहीत, कापडाचे दुकान मंद असते आणि मुलांना नाताळची सुट्टी असते. फक्त पोष दशमी तेवढी पंचांगात पाहून घ्यावी लागते, कारण त्या दिवसांत दादींचे तप असते.

स्थळाविषयी मात्र घरात दोन तट पडले. धाकट्या मुलाचा आणि नातवांचा ओढा हैदराबादकडे होता. तेथील रामोजी फिल्म सिटी १९९६ साली उभी राहिली. जगातील सर्वांत मोठे चित्रपट-निर्मितीसंकुल म्हणून तिची नोंद गिनीज बुकात आहे. संकुलाच्या आतच सितारा आणि तारा अशी निरनिराळ्या दरांची हॉटेले आहेत. शिवाय हैदराबादहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर कुलपाकजी तीर्थ आहे, जेथील माणिक्यस्वामी आदिनाथांचे दर्शन दादींनाही घडले असते. विमान घराच्या दारातून! थोरल्या मुलाला या ‘दारातून’ शब्दाचीच धास्ती होती. लहान विमानतळांवरील मार्ग पक्के नसतात. २०२२ साली बिरसीहून दुसऱ्या एका कंपनीने सुरू केलेली सेवा फार काळ टिकली नव्हती. चार महिने आधी हॉटेलचे पैसे भरावेत आणि ऐनवेळी विमानाचा वार किंवा मार्ग बदलावा, म्हणजे नऊ माणसांचा हिशेब कोलमडला. ज्याचे परतफेडीचे वेळापत्रक निश्चित नाही त्या कर्जदारावर संबंध आराखडा उभा करू नये, हे दुकानदाराला शिकवावे लागत नाही. त्यातच विमानात सामानाचे वजन मोजून मिळते. दादींच्या प्रवासातील डबे, पितळी भांडे आणि पाणी उकळण्याचे साधन यांचेच वजन पुष्कळ.

तराजूचे पारडे खोपोलीकडे झुकले ते दादींच्या लेकीमुळे. ती डोंबिवलीला असते. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारी सुटते आणि पहाटे कल्याणला पोहोचते. तेथे आत्या भेटणार, आणि मायलेकींच्या भेटीला दोन वर्षे होऊन गेली होती. कल्याणहून बदलापूर, कर्जत करीत गाडीने दोन-एक तासांत खोपोली. खोपोलीच्या पुढे पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इमॅजिका आहे. मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीने ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू केले. पुढच्या वर्षी त्याला जलउद्यान जोडले गेले, २०१५ मध्ये लागूनच नोव्होटेल हे २८७ खोल्यांचे हॉटेल उघडू लागले आणि २०१६ मध्ये बर्फाचे उद्यान आले. २०२२ पासून त्याची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आहेत. तंबाखूच्या व्यापारातून वर आलेल्या एका मारवाडी घराण्याने झोके आणि घसरगुंड्यांच्या व्यवसायात एवढी मोठी गुंतवणूक करावी, ही गोष्ट कामठ्याच्या दुकानातही कौतुकाने आणि थोड्या अविश्वासाने चर्चिली गेली.

स्थळ ठरले आणि खरा प्रश्न पुढे आला: उतरायचे कोठे?

थोरल्या मुलाचे पहिले मत असे की आत्याच्या घरी उतरावे, सकाळी गाडी करून जावे, रात्री परत यावे. खोलीचा खर्च शून्य. त्याखालोखाल मत होते घाट चढून तळेगावच्या बाजूला एखाद्या जैन तीर्थाच्या धर्मशाळेत उतरण्याचे. भोजनशाळेची सोय होईल, दर्शन होईल आणि पैसेही वाचतील. या दोन्ही मतांत चूक काहीच नव्हती. अनेक कुटुंबे असेच करतात आणि आनंदाने परततात. परंतु उद्यानाशेजारचे हॉटेल महाग का असते आणि ते महाग असूनही कधी कधी स्वस्त का पडते, हे समजून न घेता केलेली तुलना अपुरी राहते.

या धंद्याचा इतिहास मोठा बोलका आहे. वॉल्ट डिस्ने यांनी जुलै १९५५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले तेव्हा उद्यान बांधण्यातच त्यांची पुंजी संपली होती. हॉटेल बांधण्यास पैसा नव्हता. ते काम जॅक राथर नावाच्या दुसऱ्याच व्यावसायिकाने केले, आणि बघता बघता उद्यानाभोवती इतरांच्या निवासगृहांची रांग उभी राहिली. पाहुणे डिस्नेचे, भाडे दुसऱ्यांचे. हे शल्य इतके खोल गेले की पुढे फ्लोरिडात जागा घेताना कंपनीने सुमारे २७,००० एकर जमीन घेतली, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये तेथील उद्यान उघडले ते स्वतःच्या दोन हॉटेलांसह. अ‍ॅनाहाइमचे ते पहिले हॉटेल कंपनीच्या हाती यायला १९८८ साल उजाडावे लागले. मुंबईच्या गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा लोक सकाळी होडीने जात आणि संध्याकाळी होडीनेच घरी येत. मुंबईकराला मुक्कामाची गरजच नव्हती. परंतु गोंदियाच्या माणसाला मुक्काम टळत नाही. उद्यानाशेजारचे हॉटेल त्याला खोलीबरोबर वेळही विकत असते. प्रश्न एवढाच की तो वेळ या कुटुंबाला किती किमतीचा आहे.

हा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, प्रवेशिका माणशी सरासरी १,५०० रुपयांची आहे आणि आत जाणारी माणसे आठ आहेत. दिवसाचे झाले १२,०००. उद्यान आठ तास पाहायचे असेल तर तासाला १,५०० रुपये पडतात. डोंबिवलीहून जाण्यायेण्यात रस्त्यावर तीन-चार तास जाणार आणि सुट्टीच्या दिवसांत द्रुतगती मार्गावरील कोंडी वेगळी. त्यांतील दोन तास जरी उद्यानातून वजा झाले तरी ३,००० रुपयांची प्रवेशिका वाया गेली, गाडीचे भाडे निराळे. घाटापलीकडच्या धर्मशाळेचे अंतर कमी, परंतु खंडाळ्याचा घाट मध्ये आहे आणि डिसेंबरच्या अखेरीस तो घाट कोणाच्या हिशेबात बसत नाही. धर्मशाळेत भोजनशाळा आहे खरी. पण भोजनाच्या वेळी माणसे तेथे पोहोचली पाहिजेत ना! फुकटच्या खोलीचा दर अशा रीतीने हळूहळू वर चढत जातो.

कराचीही एक मेख लक्षात ठेवण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, त्यावरील खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ ला. दरातील फरक दोनशेचा, खिशातील फरक ११९८ चा. तीन खोल्या, दोन रात्री धरल्या तर सात हजारांवर रक्कम नुसती एका रेषेपलीकडे पाऊल पडल्याने जाते. तारीख एक दिवस मागेपुढे केली, शनिवार टाळला, तर पुष्कळदा दर रेषेच्या आत येतो. मात्र ज्या हॉटेलात मागील वर्षी खोलीचा दर त्या रेषेवर गेला असेल तेथील उपाहारगृहातही कराचा दर ५ ऐवजी १८ टक्के असतो, हे बहुतेकांना बिल हाती आल्यावरच कळते.

खोल्यांची संख्या हा दुसरा गुंता. हॉटेलात ‘मूल’ म्हणजे किती वर्षांचे, हे हॉटेल ठरवते. पुष्कळ ठिकाणी बारा वर्षांवरील मूल पूर्ण माणूस धरले जाते. उद्यानात तेच मूल उंचीवरून मोजले जाते. या घरातील तेरा वर्षांची नात हॉटेलच्या वहीत मोठी होती आणि काही पाळण्यांच्या दारात लहान. चार नातवंडांची विभागणी तीन खोल्यांत करताना आणखी एक गोष्ट धाकट्या सुनेच्या ध्यानात आली, जी जाहिरातीतील छायाचित्रांत कधी दिसत नाही. स्नानगृहात उंच कडेचे टब असेल तर दादींना ते ओलांडता येणार नाही. मग जोडखोल्या मिळतील काय, उद्वाहनाजवळची मिळेल काय, स्नानगृह सपाट फरशीचे आहे काय, असे प्रश्न वाढत गेले.

येथे या हकिगतीतील खरी अडचण सांगितली पाहिजे. दादी येणारच नव्हत्या.

त्यांनी ते पहिल्याच दिवशी, कोणताही रोष न दाखवता सांगून टाकले होते. ‘तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते. माझा चौविहार आहे, उकाळलेले पाणी आहे, कंदमूळ नाही. माझ्यामागे तुमच्यापैकी एकाला सारखे धावावे लागेल.’ थोरल्या मुलाने ते खरे मानले आणि आठ माणसांचा हिशेब केला. वर प्रवेशिकांच्या गणितात माणसे आठ आली ती अशी. घरात कोणालाही हे आवडले नव्हते, परंतु दादींच्या शब्दाला प्रतिवाद करण्याची रीत त्या घरात नाही. प्रतिवाद केला नाही धाकट्या सुनेनेही. तिने फक्त दुपारच्या वेळी दूरध्वनी फिरवायला सुरुवात केली.

हॉटेलांशी बोलताना ‘जैन जेवण मिळते काय?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, हे तिला दोनच दिवसांत कळले. उत्तर सर्वत्र एकच, ‘हो, मिळते.’ एका ठिकाणी तिने पुढे विचारले, तेव्हा जैन पावभाजीत बटाटा ‘अगदी थोडा’ असतो असे आश्वासन मिळाले. दुसऱ्या ठिकाणी कांदा-लसूण नाही म्हणजेच जैन, अशी ठाम समजूत होती. तेव्हा तिने प्रश्न बदलले. ती स्वागतकक्षाशी न बोलता स्वयंपाकघराच्या प्रमुखाशी बोलण्याचा आग्रह धरू लागली. गाजर, मुळा, बटाटा, आले यांना पर्याय काय? इडलीचे पीठ आदल्या दिवशीचे असते काय? तळण्याचे तेल आणि वाढण्याचे चमचे वेगळे असतात काय? गोड पदार्थांत जिलेटिन, मध? आठम-चौदसला हिरवी भाजी चालत नाही, तेव्हा मूग, बेसनाचे गट्टे, पापड, भात असे काही करून देता येईल काय? शेवटच्या प्रश्नावर एका आचाऱ्याने, ‘ताई, माझे उस्ताद राजस्थानचे होते, गट्टे मी करतो,’ असे सांगितले, तेव्हा तिला पहिल्यांदा हायसे वाटले.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पदार्थांचा नव्हता, वेळेचा होता. बहुतेक हॉटेलांचा दर न्याहारी आणि रात्रीच्या जेवणासह सांगितला जातो आणि तो आकर्षक दिसतो. रात्रीचे जेवण मात्र साडेसात-आठला सुरू होते. चौविहार पाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते जेवण अस्तित्वातच नसते. त्याचे पैसे भरणे म्हणजे न काढलेल्या मालाचे गोदामभाडे भरणे होय. सूर्यास्तापूर्वी, सव्वापाचच्या सुमारास, एका-दोघांचे ताट मांडून मिळेल काय, आणि मिळत नसेल तर तेवढे जेवण दरातून वगळता येईल काय, हे आरक्षणाआधी लेखी घेणे शहाणपणाचे. सकाळची गोष्ट त्या मानाने सोपी. डिसेंबरच्या अखेरीस खोपोलीला सूर्य सात वाजून काही मिनिटांनी उगवतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की आठला चार-पाच मिनिटे कमी. न्याहारी त्या सुमारास चालूच असते.

आणि येथेच उद्यानाशेजारच्या हॉटेलाचा महागडा दर एकाएकी समजण्यासारखा झाला. उद्यानाची सर्वांत देखणी घटका संध्याकाळची, दिवे लागल्यानंतर निघणाऱ्या मिरवणुकीची. बाहेरचे अन्न उद्यानात नेऊ देत नाहीत. ज्याला सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे त्याने बाहेर पडलेच पाहिजे. मुक्काम डोंबिवलीला किंवा घाटापलीकडे असेल तर त्याच्याबरोबर सारे कुटुंब चारलाच बाहेर पडते, किंवा तो माणूस घरीच राहतो. मुक्काम दाराशी असेल तर तो पाचला खोलीवर येतो, जेवतो, पाणी पितो, पच्चक्खाण घेतो, हवे तर पडतो, आणि वाटले तर पुन्हा आत जातो. त्याच्यामुळे कोणाचाही खोळंबा होत नाही. दादींचा नकार ज्या भीतीवर उभा होता, ती भीती अंतराची होती. सुनेने त्यांना एवढेच सांगितले, ‘माँजी, खोलीपासून दार दिसते. तुम्ही आलात तर कोणाला धावावे लागणार नाही.’ दादींनी त्यावर काही उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी त्यांनी पेटीतून प्रवासाची पितळी लोटी काढून घासायला टाकली.

थोरल्या मुलाने नवा हिशेब केला. या वेळी माणसे नऊ. परतावा न मिळणारा दर सुमारे दशांशाने कमी होता, तो त्याने घेतला नाही. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माणूस असताना रद्द करण्याची मुभा ही चैनीची वस्तू नसते. ती विम्यासारखी असते आणि तिचा हप्ता भरावा लागतो. दिवस दोन ठरले, एक मोठ्या उद्यानाचा आणि एक जलउद्यानाचा. उद्यानातून बाहेर पडून त्याच दिवशी पुन्हा आत येता येईल काय, याची खातरजमा त्याने स्वतः केली. तीन खोल्या, पैकी दोन जोडलेल्या. रात्रीची दोन जेवणे दरातून कमी करून घेतली, कारण थोरली सूनही सासूबाईंबरोबर चौविहार करणार होती.

प्रवास चांगला झाला. हिवाळ्यात विदर्भ एक्स्प्रेसमधील सूर्य नागपूरच्या आसपासच मावळतो, म्हणून त्याआधीच डबे उघडले गेले. थेपले, खाकरे, मेथीचे लाडू, दादींच्या लोटीतील पाणी. पहाटे कल्याणला आत्या शाल गुंडाळून फलाटावर उभी होती. मायलेकींनी एकमेकींचे हात धरले आणि गाडी मिळेपर्यंत सोडले नाहीत. कर्जत सोडले की उजवी-डावीकडे डोंगर उंचावू लागतात. कामठ्याच्या सपाटीवरील माणसाला डोंगर ही वस्तू नवलाची. धाकट्या नातीने प्रत्येक सुळक्याला किल्ला मानले, आणि ती अगदीच चुकत होती असे नाही. याच सह्याद्रीत, घाटापलीकडे मावळातील पाले गावाजवळच्या लेण्यात अरिहंतांना नमन करून आरंभ होणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, महाराष्ट्रातील जैनांच्या प्राचीनतम लेखांपैकी एक. या वेळी तेथे जाणे झाले नाही. उद्यानाची प्रवेशिका वाया घालवून लेणे पाहण्याइतके वैराग्य नातवंडांत नव्हते, आणि मोठ्यांनीही ते दाखवले नाही.

उद्यानात दादींनी काय पाहिले? पाळण्यांत त्या बसल्या नाहीत. उलटी-सुलटी फिरणारी प्रचंड गाडी त्यांनी खालून पाहिली, तीत सतरा वर्षांचा नातू होता, आणि ती थांबेपर्यंत त्यांचा नवकार चालू होता. त्यानंतर बराच वेळ त्या आणि आत्या सावलीतील बाकावर बसून बोलत राहिल्या. थोरल्या मुलाने तिकिटाचा हिशेब करून, बाकावर बसण्याचे दीड हजार, असे हसत म्हटले. दादींनी त्याच्याकडे नुसते पाहिले. पाचला त्या थोरल्या सुनेसह हॉटेलात परतल्या. उपाहारगृहातील टेबले अद्याप मांडलेली नव्हती, पण कोपऱ्यात दोन ताटे तयार होती. फुलका, मुगाची डाळ, गट्ट्यांची भाजी, भात. उकळून निववलेले पाणी खोलीतून आणले होते.

साडेपाचला दादींनी जेवण आटोपले, शेवटचे पाणी प्यायले आणि लोटी पालथी घातली. तेवढ्यात त्यांना बोलावायला नातू आणि धाकटी नात धावत आली. नातवाने मोबाईल पुढे धरला. ‘दादी, घाई कशाला केलीत? इथला सूर्यास्त सहा वाजून आठ मिनिटांनी आहे. अजून अर्धा तास पाणी चालते.’

त्याचे म्हणणे बरोबर होते. कामठा ऐंशी अंशांच्या थोडे पूर्वेला, खोपोली त्र्याहत्तरच्या आसपास. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे याप्रमाणे सात अंशांचा अर्धा तास होतो, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच. कामठ्याला त्या घटकेस सूर्य जवळजवळ बुडालेला होता. खोपोलीला तो काचेपलीकडे अजून हातभर वर होता आणि पिवळे ऊन टेबलावर पडले होते. दादींनी उन्हाकडे पाहिले, मोबाईलकडे पाहिले.

‘असेल,’ त्या म्हणाल्या. लोटी त्यांनी सरळ केली नाही. पच्चक्खाण घेतले आणि टेबलाखाली पायाने चपला चाचपू लागल्या. मिरवणुकीला वेळ होता, पण धाकट्या नातीला पुढची जागा हवी होती.